गार्डमामांनी कापलेली रानं

गार्डमामांना कुणाच्याही पुढं चालता येत नसे. बाजाराला निघा, लग्नाला निघा, दवाखान्यात जा, मामा सगळ्यांच्या मागं. एसटीत ते शेवटच्या बाकावर बसायचे, मग खड्ड्याखड्ड्याला डोकं टपाला लागलं तरी बेहत्तर. लग्नात शेवटच्या पंगतीला जेवायचे. रेशनच्या रांगेत त्यांच्या मागं कुणी येऊन उभं राहिलं की बाजूला होऊन त्याला पुढं सोडायचे, आणि असं करता करता सकाळची दुपार करायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा भारी नम्र आहे. नम्रपणा त्यांच्या अंगात औषधालाही नव्हता. दौंड जंक्शनला मालगाडीचे गार्ड म्हणून त्यांनी उभी हयात काढलेली, गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसून. "म्या शेवटी हाय, म्हंजी गाडी पुरी हाय," असं ते मिशीवर हात फिरवत सांगायचे. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात हे मी त्यांना पेपरात दाखवलं, तेव्हा दोन दिवस त्यांचं हसू थांबत नव्हतं.

मी शिरूरला त्यांच्या घरात चार वर्षं भाड्यानं राहिले. रांजणगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर होते. दिवसभर व्हर्नियर आणि गेज घेऊन लोकांच्या कामातल्या चुका काढायच्या, हा माझा धंदा. त्यामुळं संध्याकाळपर्यंत माझं डोकं तापलेलं असायचं आणि घरी आल्यावर मी मामांशी भांडायचे. ते मला "इन्स्पेक्टरबाई" म्हणायचे. "इन्स्पेक्टरबाई, चहा सतरा बावीसला हाय," असं सकाळीच सांगून ठेवायचे, आणि संध्याकाळी पाच वाजून बावीस मिनिटांनी खरोखर कप हातात यायचा. पाच पंचविसाला पोचलं तर चहा मिळायचा, पण लेट का झाला ते तोंडी लिहून द्यावं लागायचं, म्हणजे कारण सांगावं लागायचं आणि ते खरं असावं लागायचं.

आज ही हकिकत सांगताना मला उगाच ताठ व्हायला होतं. मी त्यांची कुणीच नव्हते, भाडेकरू होते. पण त्यांच्या त्या करवतीच्या मशीनच्या निवडीत मी होते, हे मी कुणालाही बोलावून सांगते.

मशीनकडं यायचं तर आधी मामींकडं जावं लागेल. मामा आणि मामी दोघंही मेंढपाळांच्या घरातली. मामांचे वडील रेल्वेत गँगमन म्हणून लागले, त्यामुळं त्यांच्या घरातली मेंढरं लवकर गेली. मामींच्या घरात मात्र त्यांचं लग्न होईपर्यंत मेंढरं होती. शिरूरपासून शिक्रापूर आणि तिथून खाली भीमेच्या काठानं दौंड, पाटसकडं त्यांचा कळप दरवर्षी फिरायचा. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला सांगायचे. तीन-चार रात्री कळप एका रानात बसला की लेंड्यांचं खत रानाला मिळायचं, आणि मेंढपाळाला ज्वारी मिळायची. मामी लहानपणी वडिलांबरोबर अशा कितीतरी रानांत झोपल्या होत्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

म्हातारपणी त्यांनी लोकरीची मेंढरं करायला घेतली. बोराएवढी मेंढरं, पायांना झाडूच्या काड्या. एका कळपात पंधरा-वीस. आणि ही मेंढरं त्यांना टेबलावर नुसती मांडलेली चालत नसत. प्रत्येक कळप एका ठरावीक रानात बसला पाहिजे, आणि ते रान त्याच आकाराचं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. पातळ प्लायवूडचा, तळहाताहून थोडा मोठा तुकडा, कडा त्या रानाच्या बांधाप्रमाणं वाकड्यातिकड्या, आणि विहीर असेल तिथं भोक. असली सव्वीस रानं त्यांच्या डोक्यात होती. ती कापायचं काम मामांचं.

आकार कागदावर काढायला सांगितलं तर मामींचा हात पेन्सिलीवर आखडायचा. पण परातीत ज्वारीचं पीठ पसरून दिलं की त्या एका दमात बोटानं बांध ओढायच्या. ओढताना डोळे मिटलेले. "हितनं वढा येतो. हितं वाकान हाय. हितं दुसऱ्याची हद्द लागती," असं पुटपुटत बोट फिरायचं. वरून फोटो काढून त्याची प्रिंट आणायची, एवढं मी करायचे. मग मामा ती प्रिंट प्लायवर चिकटवून हाताच्या कमानीच्या करवतीनं, ते केसासारखं पातं लावून, कापायला बसायचे.

पहिली अकरा रानं त्यांनी अशी हातानं कापली. बाराव्याला पाती तुटायला लागली. एका बैठकीत सहा तुटली. मी म्हटलं, पाती हलकी असतील, दुसऱ्या दुकानातून आणू. मामांनी करवत पिशवीत घालून ठेवली. त्या दिवसापासून ते दोन्ही हात बंडीच्या खिशात घालून बसायला लागले. चहाचा कपसुद्धा आम्ही दुसरीकडं बघत असू तेव्हाच उचलायचे. मग माझ्या लक्षात आलं, त्यांचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, फार काही नाही. डॉक्टरांना कुठं प्लाय कापायचं होतं?

मी शहाणपणा केला. शिक्रापूरला एक लेसर कटिंगवाला होता, त्याच्याकडून बारावं रान कापून आणलं आणि मोठ्या तोऱ्यात मामींच्या पुढं ठेवलं. माप अगदी तंतोतंत होतं, मी व्हर्नियर लावून बघितलेलं. मामींनी ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं. कड जळून काळी झालेली होती, लेसरनं ती होतेच. त्यांनी त्यावर एक मेंढरू ठेवून बघितलं तर काजळी बोटाला लागून मग पांढऱ्या लोकरीला लागली.

"पोरी, जळक्या रानात मेंढरं बसवत न्हाईत," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, मला माहीत नसेल म्हणून सांगितलं.

मामा खिशात हात घालून दारात उभे होते. "मशीन घ्यायचं," ते म्हणाले, "पातं मशीननं हलवायचं. हात फकस्त लाकडावर टेकवायचे. टेकलेला हात हलत न्हाई."

हे खरोखर बरोबर होतं. त्या मशीनला स्क्रोल सॉ म्हणतात. एक छोटं लोखंडी टेबल, त्याच्या मधून एक बारीक पातं उभं वरखाली होतं, आणि आपण दोन्ही हातांनी लाकूड टेबलावर दाबून फिरवायचं. मी लगेच कामाला लागले. नऊ मशीनांचा तक्ता केला, वजन, वेग, पात्याची लांबी, सगळे रकाने भरले. मामांनी तक्ता चष्मा लावून वाचला, छान हाय म्हणाले, आणि घडी करून दिवाळीच्या अंकात ठेवून दिला.

"ऑनलाइन मागवू," मी म्हटलं.

"न बघता? नवरदेव हाय का त्यो?"

मग आम्ही पुण्याला बोहरी आळीत गेलो. मामा अर्थात माझ्या चार पावलं मागं. पहिल्या दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी चहा मागवला. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक घरचं आहे. चहा आला, काठोकाठ भरलेला पेला, आणि मामांनी तो डाव्या हातानं उचलून सरळ मशीनच्या टेबलावर ठेवला.

"आता चालू करा," ते म्हणाले.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मशीन चालू झालं आणि चहा पेल्यातून उड्या मारत टेबलभर झाला.

"हा डायवर न्हाई," मामा म्हणाले आणि बाहेर पडले.

त्याचं मूळ मला मागाहून समजलं. गार्डच्या डब्यात बसून त्यांनी अख्ख्या नोकरीत ड्रायव्हर असेच ओळखले होते. सगळ्यात शेवटच्या डब्यात धक्का सगळ्यात मोठा बसतो. तिथं चहा सांडला नाही, तर पुढं इंजिनात माणूस चांगला आहे. ड्रायव्हरचं नाव माहीत नसलं तरी चालायचं.

दुसऱ्या दुकानातलं मशीन माझ्या तक्त्यात पहिलं होतं. मी फोनवर कंपनं मोजायचं ॲप घेऊन ठेवलं होतं. चालू मशीनवर फोन ठेवून आकडा दाखवला. आकडा झकास होता. मामांनी चहा ठेवला. सांडला नाही, पण एक थेंब काठावरून ओघळला.

"आकडा बघा ना मामा!" मी चिडून म्हटलं.

"तुजा फोन च्या पेत न्हाई," ते म्हणाले. मग दुकानदाराकडं वळून, "आन् मला हीर पाडायचीय. ती पडंल का?"

"विहिरीला बोअरवाला बघा आजोबा."

मामांनी खिशातून एक कापलेलं रान काढून दाखवलं. मधोमध मटारच्या दाण्याएवढी विहीर. असलं भोक आतून कापायचं तर आधी सुईएवढं छिद्र पाडून त्यातून पातं ओवावं लागतं, आणि त्या मशीनची पाती टोकांना आडव्या खिळ्या असलेली जाड होती, ती त्यातून जाणं शक्य नव्हतं. माझ्या तक्त्यात पात्याची लांबी होती, टोक कसं आहे हा रकानाच नव्हता. मी तक्ता पर्समध्ये ठेवला. क्वालिटी इन्स्पेक्टरची अशी फजिती कारखान्यात झाली असती तर मी आठवडाभर तोंड दाखवलं नसतं.

तिसऱ्या दुकानात कोपऱ्यात एक जुन्या बनावटीचं, बिडाचं, बोजड मशीन होतं. बिनखिळ्यांची बारीक पाती घेणारं. चहा ठेवला. वर नुसती वर्तुळं उमटली आणि विरली. मामांनी तो चहा शांतपणे उचलला, तिथंच उभं राहून प्यायला, आणि म्हणाले, "ह्यो."

पुण्याहून शिरूरला सरळ एसटी आहे, दीड-दोन तासांची. पण मामांना रेल्वे असताना एसटीनं जाणं मंजूर नव्हतं. म्हणून आम्ही ते अवजड खोकं घेऊन डेमूनं दौंडला गेलो, आणि तिथून एसटीनं उलटं शिरूरला. सगळा दिवस गेला. त्या डेमूच्या शेवटच्या डब्यात, खोक्यावर पाय ठेवून बसलेल्या मामांना मी वैतागून विचारलं, "मामा, सुताराला दिलं असतं तरी कापून मिळालं असतं. तुम्हीच कापायला पाहिजे असं काय आहे?"

मामांनी खोक्यावरची सुतळी ओढून बघितली.

"तिचा धाकला भाऊ हसतो तिला," ते म्हणाले. "पाटसला ऊस हाय त्याचा. म्हनतो, शाळा न शिकलेली बाई नकाशे काढती. आन् बघ, त्यातली निम्मी रानं ऱ्हायली न्हाईत आता. रस्ता गेला, कंपन्या आल्या, प्लॉट पडले. कुठं जाऊन ताळा करनार? ती सांगती ते खरं हाय, मला ठावं हाय. पन कापनाराचा हात दोऱ्याएवढा जरी चुकला, तर खोटी कोन पडनार? ती पडनार. मग दुसऱ्याच्या हाती कसं देऊ? आन् माज्या हाती तरी कसं ठिऊ?"

मामांना इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मला लाज वाटली, आणि त्या बाईचा नवरा असावा तर असा, असंही वाटलं.

घरी आल्यावर वेगळाच घोटाळा झाला. मामांकडं गार्डची जुनी लोखंडी पेटी होती, कंडम म्हणून लिलावात निघालेली त्यांनी घेतलेली. मशीन त्या पेटीवरच बसवायचं, हे त्यांनी दुकानातच ठरवलं होतं. बोल्ट मारले, मामींनी हळदकुंकू लावलं, चहा ठेवला, बटण दाबलं. रिकामी पेटी ढोलासारखी वाजायला लागली आणि चहा हळदकुंकवावर सांडला. दुकानात ते मशीन जाड लाकडी ओट्याला जखडलेलं होतं, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी म्हटलं, पेटी काढा, टेबल घ्या. पेटी काढायची म्हटल्यावर मामा माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. चहा मात्र सतरा बावीसलाच मिळत होता. चौथ्या दिवशी कामावरून आले तर मामा शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली खडी घमेल्यानं पेटीत ओतत होते.

"रूळ कशावर बसत्यात, इन्स्पेक्टरबाई?"

"खडीवर."

"मग?"

पेटी खडीनं गच्च भरली, खाली टायरच्या रबराचे तुकडे दिले. त्या दिवशी चहा पेल्यात असा बसला की मामींनी तो तसाच उचलून मला दिला.

पुढच्या वर्षभरात मामांनी त्या मशीनवर सहा रानं कापली. दोन्ही तळहात प्लायवर दाबून, जीभ दातांत धरून, इतकं सावकाश की एका बांधाला सकाळ जायची. हात टेकलेला असला की थरथर खरंच थांबायची. मी प्रत्येक रान प्रिंटशी ताडून बघायचे, आणि एकातही चूक सापडायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा चूक न सापडल्याचा मला आनंद होत होता.

मग एका शाळेनं ‘आपला परिसर’ नावाचं प्रदर्शन भरवलं आणि मामींची सतरा रानं मागितली. हॉलमध्ये लांब टेबलावर सतरा कळप बसले. मामी नवं लुगडं नेसून शेजारी उभ्या. त्यांचे धाकटे भाऊही आले होते, हाताची घडी घालून. गर्दी चांगली होती. दुपारी शिक्रापूरकडचे एक शेतकरी आले, साठीच्या आसपासचे, पांढरी टोपी. ते चौदाव्या रानापाशी थांबले आणि हललेच नाहीत.

"हे आमचं रान," ते म्हणाले. "हितं हीर. हा वढा. आता तिथं गोडाऊन झालंय. पन हे आमचंच." त्यांचं बोट कडेवरून फिरत होतं. फिरता फिरता एका जागी थांबलं. तिथं बांध सरळ येऊन अचानक आत वळला होता, नखाएवढी खाच. "हे न्हाई बरोबर. हितं बांध सरळ होता. हे चुकलंय बगा."

मामींचे भाऊ पुढं सरकले. चार माणसं वाकून बघायला लागली.

आणि सगळ्यांच्या मागं उभे असलेले मामा वाट काढत पुढं आले. मी त्यांना असं पुढं येताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता.

"ह्यो हात हलतो माजा," ते म्हणाले. "खाच माज्या हातानं पडली. तिनं बरोबर सांगितलं हुतं. चूक माजी हाय, तिची न्हाई. आजपासनं मी कापनार न्हाई."

मी तोंड उघडलं. ती खाच प्रिंटवर होती, मी स्वतः ताडलेली. पण माझ्या आधी मामी बोलल्या.

"तुमची आई हाय का?" त्यांनी शेतकऱ्याला विचारलं.

"हाय की. नव्वदीला आलीय, घरी असती."

"फोन लावा."

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आणि अर्धं कपाळ आलं. मामींनी ते रान उचलून फोनसमोर धरलं आणि त्या खाचेवर बोट ठेवलं. "आजी, ह्या वाकनात काय हुतं वो?"

म्हातारी डोळे बारीक करून बघत राहिली.

"बाभूळ," फोनमधून आवाज आला. "मोठी बाभूळ हुती. तिला वळसा घालून बांध घातलेला. सासऱ्यांनी तोडू दिली न्हाई. ह्यो रांगत असतानाच वादळात पडली, मग बांध सरळ केला. तू कोन गं? तुला कसं ठावं?"

"त्या बाभळीखाली माजा बाप निजायचा," मामी म्हणाल्या. "रान मालकाचं असतं आजी, पन बांध आमाला राखाया लागायचा, मेंढरू पल्याड जाऊ नये म्हनून."

शेतकऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. भाऊ हाताची घडी सोडून सतराही रानं पहिल्यापासून नीट बघायला लागले. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी पुसलेही नाहीत.

"आन् येवढं बरोबर कापलं कुनी?" फोनमधून म्हातारीनं विचारलं.

मामा अजून हात पुढं धरूनच उभे होते. मामींनी तो थरथरणारा हात आपल्या हातात घेतला आणि फोनसमोर धरला.

"ह्यांनी," त्या म्हणाल्या. "आन् अजून नऊ ऱ्हायलीत. उद्या सकाळी परात घिऊन बसतीया मी."